व्हर्ननची वेगवान नळी

त्या शनिवार-रविवारी व्हर्नन स्कोगेनला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: गोळीला सेकंदाला दीडशे फूट जादा वेग, त्या वेगाच्या जोरावर डोंगरमाथ्यावरची एल्क हरणांच्या शिकारीची जागा, आणि मेव्हण्याचं बंद तोंड. तिसऱ्यासाठी त्यानं पहिली दोन खुशाल सोडली असती.

जागा त्याच्या सासऱ्याची, एमेट टॉलमनची. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा त्यानं जाहीर केलं: मुलगा असो की जावई, रविवारी घळीपलीकडच्या लोखंडी पत्र्यावर जो पहिली गोळी वाजवेल, त्याची जागा. आमच्या मॉन्टानात वाटण्या अशाच होतात. वकील लागत नाही, डॉक्टर लागतो.

घळीत वारा कायम आडवा. वेगवान गोळी त्याला कमी सापडते, म्हणून व्हर्नन गॅरेजात बसून काडतुसांतली दारू कणाकणानं वाढवत गेला. शनिवारी तो मैदानावर एकेक झाडत होता आणि शेजारी बायको, लॉर्ना, गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरचा आकडा वाचत होती.

"एकतीसशे नव्वद," लॉर्ना म्हणाली. "काडतुसं भरायच्या पुस्तकात सगळ्यात वरचा आकडा तीन हजार चाळीस आहे, व्हर्न."

"पुस्तकवाले भित्रे असतात. बंदुकीचा बोल्ट बघ, लोण्यासारखा उघडतोय. काडतुसाची टोपी बघ, कडा गोलच्या गोल, चेपलेल्या नाहीत. दाब आहे कुठं?"

मेव्हणा रॉयस मागं उभा राहून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. "काडतुसाचं पितळ बोलायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो, दाजी. आकडा त्याच्या आधी बोलतो. तीच गोळी, त्याच जातीची दारू, आणि वेग एवढा जादा? तो आतल्या दाबानं आणलाय, देवानं नाही."

"माझी नळीच वेगवान आहे."

"आणि घरी मात्र दाजी सावकाश, असं ताई म्हणते."

लॉर्ना हसली नाही. तिनं कारखान्याच्या काडतुसांचा डबा पुढं सरकवला. "यावर तीन हजार लिहिलंय. झाड एक."

त्यानं झाडली. यंत्रावर उमटलं: दोन हजार नऊशे पंच्याण्णव.

"यंत्र खरं बोलतंय," लॉर्ना म्हणाली. "आणि नळी वेगवान असती, तर ही गोळीही तिनं पळवली असती."

रॉयस मोठ्यानं हसला. व्हर्ननची मूठ सरळ त्याच्या चष्म्यावर बसली. काच फुटून गालात घुसली. रॉयसनं रक्त पुसायच्याही आधी दाजींच्या बरगडीत गुडघा घातला, आणि दोघं रिकाम्या पितळांवर लोळत एकमेकांचे कान ओरबाडू लागले. भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तसं लॉर्नानं बर्फाच्या पेटीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं. व्हर्नन उठला तेव्हा त्याच्या मुठीत मेव्हण्याच्या दाढीचे केस होते. काडतुसांतली दारू कमी करायचं त्याच्या मनात असलं, तरी आता ते मेव्हण्यासमोर शक्य नव्हतं.

रविवारी ऊन भाजून काढत होतं. व्हर्नननं काडतुसांची काळी पेटी पिकअपच्या बॉनेटवर ठेवली आणि वारा बघत बसला. दारू तापली की दाब आणखी चढतो, हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण व्हर्नन तेव्हा फक्त वारा बघत होता.

रॉयसची पहिली गोळी पत्र्याच्या डावीकडं धूळ उडवून गेली. व्हर्ननची उजवीकडं. मग त्याचा बोल्ट उघडेना. त्यानं हँडलवर बुटाची टाच मारली. तिसऱ्या लाथेला पितळ बाहेर पडलं, टोपी चेपून सपाट झालेली.

"बस झालं, दाजी," रॉयस म्हणाला. आवाजात आज चेष्टा नव्हती. "माझी काडतुसं घ्या. माझ्याच काडतुसांनी जिंका मला."

"तुझी भीक नको."

"व्हर्न, खाली ठेव ती!" लॉर्ना ओरडली. म्हातारा एमेट खुर्चीत पुढं झुकून घळीकडं कान लावून होता. त्याला पत्रा वाजलेला ऐकायचा होता.

व्हर्नननं पुढचं काडतूस सारलं आणि गाल दस्त्याला लावला. रॉयस डावीकडून गुडघ्यावर आला आणि बंदूक ओढून घ्यायला त्यानं तिच्याखाली हात घातला. चष्मा त्याला नव्हताच.

स्फोटाचा आवाज बंदुकीचा नव्हता. बोल्टच्या पुढचं पितळ फुटलं, दस्ता उभा चिरला, काडतुसांचा कप्पा खालून उडाला, आणि जळता वायू डावीकडून रॉयसच्या तोंडावर आला. त्याची दोन बोटं गवतात पडली. तो दुसऱ्या हातानं डोळ्याच्या खाचेत काहीतरी परत बसवायचा प्रयत्न करत राहिला.

तेवढ्यात घळीपलीकडून टण्णकन आवाज आला.

"वाजला," एमेट म्हणाला.

लॉर्नानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं, बेल्टनं मनगट आवळलं, नवऱ्याच्या पिकअपची किल्ली त्याच्याच खिशातून काढली आणि रॉयसला घेऊन बिलिंग्सच्या इस्पितळाकडं गेली. व्हर्ननकडं ती परतली नाही.

व्हर्ननच्या हनुवटीला चार टाके पडले. शब्द दिला होता म्हणून एमेटनं जागा त्याला दिली. दीडशे फूट व्हर्नननं कमावले. त्यांचं मोल रॉयसनं एक डोळा आणि दोन बोटं देऊन चुकतं केलं.