डिस्कला न पोचलेला निरोप

भीमरावकाकांचा संगणक का रेंगाळतोय, हे पाहायला मी वारज्यातल्या आमच्याच इमारतीत त्यांच्याकडे गेले. बोलावलं होतं असं नाही. जिन्यात तक्रार कानावर आली आणि मला राहवलं नाही. डिस्क सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि नाक खुपसणं हा स्वभाव.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ते कॅमेऱ्यात टिपून ठेवत. त्यासाठी चार एसएसडी डिस्क रेडमध्ये जोडल्या होत्या, म्हणजे चारही मिळून एकच मोठी, वेगवान डिस्क. सुरुवातीला ती भन्नाट पळायची. आता एक मुलाखत साठवेपर्यंत चहा होऊन कप विसळून व्हायचे.

गंमत म्हणजे डिस्क निम्मी रिकामी होती. मग हिला झालंय काय? मी डबा उघडला आणि हसूच आलं. चारही डिस्क आजच्या जमान्यातल्या आणि त्यांना जोडणारं कार्ड पुराणकाळातलं!

"हे कुठून आणलंत?"

"जुन्या मशीनमधलं. चांगलं चालू होतं, टाकायचं कशाला?"

तिथंच घोळ होता. आपण फाइल पुसतो तेव्हा संगणक फक्त तिचं नाव खोडतो. जागा मोकळी झाली, हा निरोप एसएसडीला वेगळा द्यावा लागतो; त्याला ट्रिम म्हणतात. हे कार्ड तो निरोप पुढे जाऊच देत नव्हतं. बिचाऱ्या डिस्क पुसलेलं सगळं जपून ठेवत होत्या आणि नवीन काही लिहायचं झालं की आधी ते इकडून तिकडे हलवत बसत होत्या.

"कार्ड बदलू, ट्रिम चालवू. पुसलेलं कायमचं जाईल आणि मशीन पळायला लागेल," मी म्हटलं.

काकांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे पुसलेलं अजून आत आहे?"

"बरंचसं असेल. का? काय पुसलंय?"

"हिराची मुलाखत."

काकांच्या पत्नी हिराकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मी पटकन हात मागे घेतला. "काका, यापुढे या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, नाहीतर पुसलेल्याच्या जागी नवं येऊन बसेल."

घरून दुसरी डिस्क आणली आणि जे सापडेल ते तिच्यावर उतरवायला लावलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं पडद्यासमोर बसून होतो. काकूंची फाइल मिळाली. चित्र फाटलेलं होतं, आवाज मात्र शाबूत.

"मी पाच वर्षांची होते," काकू सांगत होत्या. "आईनं दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले. ताठ मानेनं घरी आली. आणि रात्री गोधडीत तोंड खुपसून रडली. का रडली, ते मला कधी सांगितलं नाही." मग जरा थांबून, "अहो, हे नको. लोक भलताच अर्थ काढतील. पुसून टाका."

फाइलमध्येच कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला, "बरं."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग विचारलं, "काका, ही ठेवायची? काकू तर पुसा म्हणाल्या होत्या."

"म्हणाली होती. मी पुसलीही," काका म्हणाले. "तिचं एकदा ऐकलंय. दुसऱ्यांदा पुसायला तिनं सांगितलेलं नाही."