साक्षगंधाची बोटे

पिंकीच्या बोटांचा फोटो मोबाइलवर आला, तेव्हा रश्मी एका गिऱ्हाइकाच्या करंगळीच्या नखावर जेल पॉलिशचा शेवटचा थर देत होती. फोटोतली नखे तिनेच रंगवलेली, डाळिंबाच्या दाण्यांसारखी, अजून तशीच चकचकीत. पण त्यांच्या भोवतीची कातडी सुजून लाल झाली होती आणि पेरांवर बारीक, पाणीदार फोड उठले होते. खाली एवढेच लिहिले होते: "ताई, हे काय होऊन राह्यलं?"

रश्मीने फोन पालथा ठेवला आणि गिऱ्हाइकाचा हात जेल सुकवणाऱ्या दिव्याखाली सरकवला. निळसर उजेडात ती पाच बोटे पाण्याच्या तळाशी पडल्यासारखी दूरची दिसू लागली. आपण काय करतो हे फक्त आपल्या हातांना ठाऊक आहे, आपल्याला नाही, असे तिला उगाच वाटून गेले.

अमरावतीच्या राजापेठेत एका पार्लरच्या कोपऱ्यात तिचे टेबल होते. पिंकी ही तिची अकोल्याची मावसबहीण. दातांच्या डॉक्टरकीचे शेवटचे, इंटर्नशिपचे वर्ष चालू असलेली. घराण्यात पांढरा कोट अंगावर चढवणारी पहिली. मागच्या रविवारी तिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाले. आदल्या संध्याकाळी रश्मीच्या आईने, इंदूबाईने, तिला मेंदी लावली आणि सकाळी रश्मीने नखांवर जेल चढवले. नात्यात कुठेही कार्य निघाले की या मायलेकींना असेच जोडीने बोलावणे येई. कॉलेजात हातभर नक्षी चालत नाही, म्हणून पिंकीने तळहातावर एक गोल आणि पेरे भरून, एवढीच मेंदी मागितली होती. त्यामुळे बोटांच्या नेमक्या टोकांवर आईचे काम आणि लेकीचे काम एकमेकांना येऊन भिडले होते.

घरी इंदूबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हे तं भाजल्यावानी दिसते वं. तुह्या त्या दिव्यानं भाजली काय पोट्टी?"

"दिव्यानं असं नाही होत, आई. मेंदीनं झालं असन."

"माह्या मेंदीनं?" इंदूबाईने मोबाइल पलंगावर टाकला. "अर्ध्या अमरावतीच्या नवऱ्या माह्या हातून गेल्या. कोनाले एक फोड आला नाही. माही मेंदी झाडाची रायते. तुह्या शिशीत काय रायते, तुले तरी माईत हाय काय?"

रश्मीला माहीत होते, असे तिला वाटत होते. सप्टेंबरपासून मोबाइलवर जिकडेतिकडे तेच होते: जेल पॉलिशमधल्या टीपीओ नावाच्या द्रव्यावर युरोपात बंदी आली. उजेडाखाली जेल घट्ट करणारे ते द्रव्य. त्याने बाईच्या पोटी मूल राहायला अडचण येते, असे कुणी सांगे. ते उंदरांना खाऊ घालून पाहिलेले, नखांवर लावून नव्हे, असे दुसरा सांगे. आपल्याकडे काही बंदी नाही, निवांत वापरा, असे माल आणून देणारा विक्रेता सांगे. तिने सगळे पाहिले, आणि जितके पाहिले तितके ते धूसर होत गेले. शेवटी तिने जुन्या बाटल्या टाकून दिल्या आणि सोनेरी अक्षरांत 'टीपीओ-मुक्त' असे छापलेल्या नव्या आणल्या. त्या सोनेरी अक्षरांवर डोके ठेवून ती निर्धास्त झोपत आली होती. तिने बाटली आईसमोर धरली.

"हे पाय. वाईट होतं ते काढून टाकलं यातून."

"एक काढलं. बाकीचं काय काय हाय त्याच्यात?"

बाकीची अक्षरे इतकी बारीक होती की चष्म्यालाही वाचता आली नसती.

दोघी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेल्या. मूर्तिजापूर मागे पडले. खिडकीबाहेर काळ्या मातीवर तुरी उभ्या होत्या, पिवळ्या फुलांनी भरलेल्या. रश्मी मनातल्या मनात ती रविवारची सकाळ उलगडत होती. वीज गेलेली. दिवा इन्व्हर्टरवर, दोनदा मध्येच विझलेला. 'नख वाढलं तरी महिनाभर कड दिसू नाही पाह्यजे' म्हणून पिंकीच्या हट्टाने जेल कातडीला टेकेपर्यंत भरलेले. दारात पाहुण्यांची 'झालं काय, झालं काय' अशी घाई. वरून बोट लावून पाहिले तर कोरडे लागले होते. आत, खाली, ते खरोखर सुकले होते का? तेव्हा हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. आता तो पडला होता, आणि त्याचे उत्तर कुठेही उरलेले नव्हते.

पिंकीला ज्या त्वचेच्या डॉक्टरकडे नेले त्या मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पिंकीची बोटे उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "तू काय करतेस?"

"बीडीएस. इंटर्न आहे."

बाईंचा हात जागीच थांबला.

"मग नीट ऐक. जेलमध्ये हेमा नावाचं एक द्रव्य असतं. पूर्ण घट्ट झालं तर फारसं काही करत नाही. कच्चं राहून कातडीला लागलं तर काहींच्या शरीराला ते कायमचं नकोसं होतं. कायमचं. आणि दातात सिमेंट भरण्याआधी तुम्ही जे पातळ औषध लावता ना, त्यातही तेच असतं."

पिंकीने हात मांडीवर ठेवले. "म्हणजे मी भरणी करू शकणार नाही?"

"तसं मी म्हणत नाही. पण साधे हातमोजे त्याला अडवत नाहीत, ते सहज पार होतं. खूप जपावं लागेल. काही जणांना काम बदलावंही लागतं."

"अन् मेंदीनं झालं असन तर?" रश्मीने विचारले. आपला आवाज तिला फार उतावीळ वाटला.

"मेंदीत केसांची काळी डाय मिसळली असेल तर तिचीही अशीच प्रतिक्रिया येते. तसं असेल तर हिने जन्मभर केसांना डाय लावायची नाही. तिच्या कामाला धक्का नाही."

"हे हेमा तं माह्या आत्याच्या पोरीचं नाव हाय," इंदूबाई हळूच पुटपुटली.

तपासणी अशी होती की आधी सूज उतरू द्यायची आणि मग पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून कातडी कशावर रागावते ते पाहायचे. तोवर थांबणे आले. पिंकीने तळहात उघडून स्वतःशीच पाहिला. मधला मेंदीचा गोल नारिंगी पडला होता आणि त्याच्या आजूबाजूची कातडी अगदी स्वच्छ होती. ते रश्मीनेही पाहिले. मेंदीचा दोष असता तर तळहात कसा सुटला असता?

त्या क्षणापासून रश्मीच्या मनात एक इच्छा येऊन बसली आणि उठेना. आईचे असू दे. मेंदीचे असू दे. पिंकीचा कोट वाचावा म्हणून की स्वतःचे टेबल वाचावे म्हणून, हे तिने स्वतःला विचारून पाहिले. आणि दोन्ही उत्तरे एकाच आवाजात आली, म्हणून कोणते खरे ते तिला ओळखता येईना. जिने मेंदी वाटून वाटून आपल्याला वाढवले तिच्या माथ्यावर दोष पडावा असे आपण मागत आहोत, हे कळूनही ती मागत राहिली.

दवाखान्यासमोर चहा घेताना इंदूबाईने पिंकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पिंके, एक सांगतो. रागावू नको. मी त्या मेंदीत काळी डाय टाकली होती. पुडीतली. पेरायवर तेवढीच. गोल साध्या मेंदीचा होता."

"मावशी!"

"लवकर काळी व्हावी म्हणून टाकली. आता नवऱ्या असंच मागतात. तुह्या तायीचं काही नाही त्याच्यात."

पिंकीच्या चेहऱ्यावर जे उजळले ते पाहून रश्मीला रडू यायला हवे होते. पण तिचे लक्ष आईच्या डोळ्यांकडे होते. इंदूबाई बोलताना नेहमी समोरच्याकडे रोखून पाही; आज ती कपाकडे पाहून बोलत होती. घरातल्या कुठल्याही डब्यात रश्मीने डायची पुडी कधी पाहिली नव्हती. नव्हती का? आईच्या डब्यात तिने हात घालून किती दिवस झाले होते?

परतताना तिने विचारले, "आई, खरंच टाकली होती?"

"टाकली म्हनलं ना."

"काहून मंग आधी अमरावतीत एवढी भांडली माह्याशी?"

"भांडली तं भांडली. तुले काय करा लागते?" आणि इंदूबाईने पदर तोंडावर ओढून झोपल्याचे सोंग घेतले.

सूज उतरल्यावर पट्ट्या लावल्या आणि दोन दिवसांनी त्या काढल्या, तेव्हा तिघी पुन्हा त्याच खोलीत होत्या. पिंकी पाठमोरी बसली होती. तिच्या पाठीवर पेनाने आखलेल्या छोट्या चौकटींच्या रांगा होत्या. बहुतेक रिकाम्या, कोऱ्या. दोन मात्र लाल. एक थोडी खरखरीत, उंचावलेली; दुसरी ठसठशीत, मध्ये बारीक फोड असलेली.

"ही डायची," डॉक्टरबाई दुसरीवर बोट न टेकवता म्हणाल्या. "आणि ही हेमाची. दोन्ही आहेत."

मग आवाज आला तो इंदूबाईचा, पार चिरकलेला.

"डायची कशी येईन? मी तं टाकलीच नव्हती."

रश्मीने मान वळवली. पिंकीनेही, पाठीवरच्या चौकटींसह.

"खोटं बोललो मी," इंदूबाई म्हणाली. "पोट्टीचं काम जाऊ नाही म्हणून. डायची पुडी मी आजवर हाती धरली नाही." ती थांबली. तिच्या कपाळावर काहीतरी हळूहळू जुळत होते आणि जुळताना दुखत होते. "पाहुन्याच्या पोरी बसल्या ना मधात, त्यायले लावता लावता माही मेंदी सरली. पिंकीचा गोल झाला होता. पेरायसाठी शकुननं दुकानातून मेंदीचे तयार कोन आनले. त्याच्यावर पानंफुलं छापले होते. हिरव्या अक्षरायनं 'शुद्ध' लिहेल होतं."

शकुन म्हणजे पिंकीची आई. शुद्ध. टीपीओ-मुक्त. दोन्ही शब्द रश्मीच्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी येऊन उभे राहिले, सोनेरी आणि हिरवा, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हते.

"मॅडम," पिंकीने कुडता सावरत विचारले, "हेमा मला ताईच्या जेलनं लागलं की आमच्या कॉलेजातल्या औषधानं? ते तर मी वर्षभर हाताळून राह्यली."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "ते कधीच कळणार नाही. शरीर एवढंच सांगतं की मी याला ओळखतो. कुठे भेट झाली ते सांगत नाही. ही पट्टी फार तीव्र नाही. हात न लावता काम करायला शिक, मोजे कोणते ते मी लिहून देते. लगेच हार मानू नकोस. पण जेल पुन्हा कधीच नाही."

पिंकी जिन्यात थांबली. रश्मीला वाटले आता ती बोलेल, आणि जे बोलेल ते आपण निमूट घेऊ. पण पिंकी म्हणाली, "मावशी, तू खोटं बोलली अन् ते खरं निघालं. तुह्यावर रागवावं काय, ते तरी सांग."

"मले काय माईत, माय," इंदूबाई म्हणाली. "मले काहीच समजून नाही राह्यलं."

पिंकी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिने ते मनगटाने पुसले, बोटांनी नाही.

अमरावतीच्या बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या. कुणाचे चुकले, हा प्रश्न दोघींजवळ उरला नव्हता. निर्दोष सुटलो असे म्हणण्याची सोय नव्हती आणि अपराधी आहोत असे म्हणून मोकळे होण्याचीही. बोरगाव मागे गेले तसा रश्मीचा फोन वाजला. अनोळखी आवाज होता, हौसेने भरलेला.

"ताई, मी आरती बोलते. परतवाड्याची. पार्लरातून नंबर घेतला. उद्या जेल करून देता काय? भावाचं लग्न हाय."

या, असे म्हणायचे तिला धाडस होईना. नको म्हणायला कारण हवे होते; तेही पुरते हाती नव्हते.

"तुम्ही काय काम करता?" रश्मीने विचारले.

"काहून वं ताई? नखं रंगवाले नोकरी लागते काय?"

"तसं नाही. दिवसभर हातानं काय काय करता, ते सांगा. बोटं कधी चिरतात काय, खाजतात काय, तेही सांगा. मंग ठरवू, करायचं की नाही."

मग आरती सांगू लागली: सकाळची भाकर, धुणे, सासूच्या पायाला तेल, दुपारी शिवणाची मशीन, पाहुणे येणार म्हणून भिंतीला दिलेला रंग. यातले कोणते काम निरुपद्रवी आणि कोणत्यात काय दडलेले, हे रश्मीला कळत नव्हते. तरी तिने मध्येच तोडले नाही. एक कान हाताने झाकून, बसच्या आवाजातून, ती ऐकत राहिली.

"अन् आणखी?" तिने विचारले.