घरी तो विषय नको

"पुन्हा तिथेच? सकाळी जाताना पण तिथेच बसला होतास की रे!"

मावशीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. सकाळची ड्युटी संपवून, तीन जिने चढून ती दारात उभी होती. समोर बाथरूमच्या कोपऱ्यात, वाळूच्या ट्रेमध्ये बोका बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, पाठ ताठ. जोर लावत होता बिचारा.

"काल एरंडेल पाजलं तरी पोट साफ होईना तुझं. खातोस काय, दगड?"

बोक्याने वर बघितलं. एरवी तो कुणाकडे बघत नसे. तोरा मोठा होता त्याचा. म्हणून तर नवऱ्याने त्याचं नाव जावई ठेवलं होतं. "काम काही नाही, रुसवा नाकावर, आणि ताट मात्र वेळेवर पाहिजे. दुसरं काय म्हणायचं याला?" त्यांना मुलगी नव्हती. मुलगाही नव्हता. पण जावई होता.

मावशी म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डातली आया. एकतीस वर्षं झाली. पेशंटला भांडं द्यायचं, घ्यायचं, धुवायचं. ज्याला नळी घातलीये त्याच्या पिशवीत किती आलं ते बघायचं आणि सिस्टरला ओरडून सांगायचं. "सहा नंबर, चारशे! नऊ नंबर, दीडशे, लालसर!" नजर इतकी तयार झाली होती की मोठे डॉक्टरही राउंडला आले की आधी तिलाच विचारायचे, "काय मावशी, नऊ नंबर काय म्हणतोय?"

आणि म्हणूनच नोकरी लागली त्याच महिन्यात तिने घरात एक नियम केला होता. "दिवसभर तेच बघते, तेच उचलते. घरी तो विषय नको. त्या शब्दाचं नावसुद्धा कुणी काढायचं नाही."

नवरा हसला होता. बाइंडिंगवाला माणूस, बोलणं कमी. "बरं," म्हणाला, "या घरात कुणाला लागतच नाही असं समजू."

आणि त्याने तो नियम पाळला. बोका आणला तेव्हा ट्रे साफ करायचं कामही त्याने आपल्याकडेच घेतलं.

सात महिन्यांपूर्वी तो गेला. अचानक तुंबलं, पोट फुगलं, तिच्याच इस्पितळात नेला तर मूत्रपिंडं कधीची कामातून गेलेली. डॉक्टर म्हणाले, "त्रास बरेच दिवस असणार. बोलले नाहीत का घरी?" ती म्हणाली, नाही. वॉर्डातल्या बाया मागून म्हणाल्या, दिव्याखाली अंधार. मावशीने मनाची समजूत काढून ठेवली होती, की त्यांचं त्यांनाच कळलं नसेल.

तेव्हापासून ट्रे तिच्या गळ्यात पडला. नाकाला पदर लावायची, तोंड फिरवायची आणि सगळी वाळू काळ्या पिशवीत उलटी करायची. काय आहे, किती आहे, काही बघायची नाही. घरी तरी डोळ्यांना सुट्टी.

चपला काढून ती पाणी प्यायला वळली, तर नवऱ्याच्या खुर्चीवरच्या गादीवर ओला डाग. नाण्याएवढा.

"अरे मेल्या! त्यांच्या खुर्चीवर?"

तिने झपकन जाऊन बोक्याला पोटाखालून उचललं. आणि हात तिथेच थांबला.

पोटात मागच्या बाजूला गोळा होता. संत्र्याएवढा, टणक, ताणलेला. बोका कळवळून ओरडला. असली पोटं मावशीच्या हाताखालून किती गेली त्याला गणती नव्हती. डोक्याच्या आधी हाताला कळलं.

तिने डाग पुन्हा बघितला. गुलाबी होता.

मग सगळंच एकापाठोपाठ आठवलं. परवापासून ट्रेमध्ये जाऊन बसणं, सारखं खाली चाटणं, काल जेवण सोडलेलं, सकाळी उलटी. आणि आपण काय केलं? एरंडेल पाजलं.

कपड्यांची टोपली रिकामी केली, त्यात बोक्याला ठेवला, वर चादर बांधली. जिना उतरली. जिन्याखाली घड्याळवाल्याचं टपरीवजा दुकान होतं. नवऱ्याचा तो जुना दोस्त. डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"वहिनी, जावईबापूंना घेऊन कुठे निघालात?"

"लघवी तुंबलीये त्याची."

भर रस्त्यात बोलली. मोठ्याने. घड्याळवाल्याने भिंग काढलं आणि तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने शटर ओढलं आणि रिक्षाला हात केला.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण पोरसवदा होती, पण हात हलका होता. पोट चाचपून तिने मान वर केली.

"शेवटची नीट लघवी कधी केली याने?"

न बघता काळ्या पिशवीत उलटी केलेली वाळू मावशीला आठवली.

नऊ नंबरच्या पेशंटला सोमवारी दुपारी किती झाली हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"बोक्यांची लघवीची नळी फार बारीक असते हो. आत रेतीसारखे कण साचतात, बूच बसतं. दोन दिवस तुंबलं तर विष रक्तात जातं आणि हृदय बंद पडतं. गुंगी देऊन नळी घालते, धुऊन काढते. वाचेल असं आत्ताच नाही सांगत."

"मी एरंडेल पाजलं काल."

"बरेच लोक तसंच करतात. मांजर कुंथताना दिसलं की पोटच वाटतं."

"मी बरेच लोक नाही ना पण. वॉर्डात आहे मी. एकतीस वर्षं."

डॉक्टरीण गुंगीचं इंजेक्शन भरू लागली. "घरात काही बदल झाला होता का? मांजरं मनाला लावून घेतात. त्यानेही हे होतं."

"एक माणूस कमी झालं."

आतला दरवाजा बंद झाला. बाहेरच्या बाकावर दोघं बसले. समोरच्या बाईच्या मांडीवरचा कुत्रा धापा टाकत होता. घड्याळवाला बराच वेळ नखं बघत होता.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका."

"आता राग कुठला उरलाय भाऊजी."

"तो जायच्या आधी माझ्या दुकानामागच्या संडासात यायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. उभा राहायचा, उभा राहायचा, आवाज नाही की काही नाही. मी म्हटलं, अरे वरती तुझ्या बाथरूमला काय झालंय? तर म्हणाला, तिचे कान तिखट आहेत. थेंबथेंब पडतंय हे तिला भिंतीपलीकडून कळेल."

"मग कळू द्यायचं की!"

"तेच म्हटलं मी. तर म्हणे, दिवसभर तेच उचलून येते, घरी तरी तिला सुट्टी असू दे."

मावशीने टोपलीवरची चादर उचलली, झटकली आणि घडी घालायला लागली.

"किती दिवस चाललं होतं?"

"वर्ष झालं असेल."

"तुम्ही तरी बोलायचं."

"शपथ घातली होती त्याने."

"मेल्यावर पण पाळलीत?"

"काय करू? जीभच उचलेना. आज तुम्हीच रस्त्यात तो शब्द बोललात, म्हटलं आता सुटलो."

मावशीने चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. कोपऱ्याला कोपरा जुळेना. वॉर्डात दिवसाला चाळीस चादरी घालायची ती.

दार उघडलं. बोका टेबलावर आडवा होता, जीभ जराशी बाहेर. नळीला लावलेली छोटी पिशवी खाली लोंबत होती. मावशीची नजर आधी तिकडेच गेली.

"शंभरच्या वर. लाल," ती म्हणाली.

डॉक्टरणीने वाकून बघितलं. "एकशे दहा. तुम्हाला कसं कळलं?"

"नळी कधी काढणार?"

"तीन दिवस तरी ठेवू."

"मी रोज ड्युटी संपली की येते. पिशवी मी बघेन."

ती रोज आली. स्टूल ओढून पिंजऱ्यासमोर बसायची. लाल, मग गुलाबी, मग गढूळ पिवळी. चौथ्या दिवशी सकाळीच डॉक्टरणीने नळी काढली.

"इथे घाबरून करत नाहीये. घरी न्या, शांत जागी करेल. ओलं खाणं द्या, घरभर पाण्याच्या वाट्या ठेवा, एक ट्रे आणखी आणा. आणि रोज वाळूत बघायचं. ओल्या वाळूचे किती गोळे, केवढे. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर लगेच परत आणा. पण मावशी, पुन्हा तुंबलं तर मूत्रपिंडं सोसतील असं नाही वाटत मला."

मावशीने त्या दिवसाची रजा टाकली. सात महिन्यांतली पहिली. चार वाट्या पाणी भरून चार कोपऱ्यांत ठेवलं. नवऱ्याची खुर्ची ओढत बाथरूमसमोर आणली. गादीवरचा डाग तसाच होता, धुतला नव्हता. खुर्चीत ती बसली नाही. तिच्या पायाशी, उंबऱ्यात, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली.

बोका एकदा ट्रेमध्ये गेला, कुंथला, काहीच न होता बाहेर आला. भिंतीवरचं ऊन सरकत नळापर्यंत आलं. पायाला मुंग्या आल्या.

चारच्या सुमाराला तो उठला. वाटीतलं पाणी प्यायला, बराच वेळ. मग ट्रेमध्ये गेला. वाळू उकरली, हुंगली, जरा सरकून दुसरीकडे उकरली. बसला.

मावशीने तोंड फिरवलं नाही.

आवाज अगदी बारीक होता. कोरड्या वाळूत धार शिरल्याचा. थांबला नाही. ती मनात आकडे मोजत राहिली, पंधरापर्यंत गेली. बोक्याने पाय झाडले, वाळू ओढली आणि तोऱ्यात तिच्या अंगावरून निघून गेला.

तिने हातानेच वाळू बाजूला केली. लिंबाएवढा गोळा होता. उजेडाकडे धरून बघितला.

"झाली," ती म्हणाली. सिस्टरला सांगावं तसं, स्पष्ट, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "लघवी झाली. चांगली झाली. लाल नाही."

खुर्ची पाठीमागेच होती. ती तिच्याकडे वळली आणि पुन्हा एकदा, जरा हळू आवाजात, सांगितलं.