पैंजण कुणालाही बसतं

सोपान बारामतीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. इंदापुरात तेव्हा नुकती केबल आली होती, सत्त्याण्णव साल असेल, आणि केबलवाल्याला दर बाजाराच्या दिवशी दुपारी गावातलंच काहीतरी दाखवायचं होतं. सोपान माझा जुना विद्यार्थी. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, चार भागांची मालिका करू. गाण्यांची. नववी-दहावीची पोरं घेऊ. गोष्ट आणि गाणी तुम्ही द्या."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि गुडघे दुखत होते. तरी हो म्हणालो. मुलांना काही शिकवायचं म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

गोष्ट सगळ्यांच्या ओळखीचीच घेतली. सावत्र आईच्या घरी राखेत निजणारी मुलगी, उत्सवातला नाच, घाईत मागे राहिलेला जोडा आणि तो घेऊन घरोघर फिरणारा राजपुत्र. आमच्याकडे राजवाडे नाहीत, म्हणून मुलीला गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी निजवलं, राजपुत्राच्या जागी पाटलाचा मुलगा आणला आणि जोड्याऐवजी पैंजण घेतलं. मला ते फार शोभिवंत वाटलं होतं.

पहिल्या तालमीला शाळेच्या वर्गात मुलांना गोष्ट वाचून दाखवली. मागच्या बाकावरून म्हाळसानं हात वर केला. दहावीतली मुलगी, गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरून रोज पायी यायची.

"गुरुजी, जोडा एकालाच बसंल. पैंजण कुणालाबी बसतंय की."

पोरं हसली. मी वहीत पैंजणाखाली रेघ ओढली. चाळीस वर्षं मुलांना शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

"मग त्यानं तिला ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"आवाजानं. आमच्या आबाची मेंढरं आबाला आवाजानंच वळखायची. धा कळपं एका रानात बसली तरी आबानं हाळी दिली की आमचीच तेवढी उठायची."

"म्हणजे पाटलाचं पोरगं मेंढरू का?" कुणीतरी म्हणालं.

"तुझ्यापरीस शाणं," म्हाळसा म्हणाली.

मी चौथा भाग पुन्हा लिहिला. आता पाटलाचा मुलगा पैंजण घेऊन गावभर फिरतो, ते दहाजणींच्या पायात बसतं, तो कंटाळून पाण्याकाठी बसतो आणि मग तिचं गाणं ऐकू येतं.

नायिका राजनंदिनी झाली. जीप आणि जनरेटर तिच्या वडिलांचा होता, त्यामुळे त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मुलगी गुणी होती, अभिनयही चांगला करायची, पण गळा अजिबात नव्हता. म्हणून कॅमेऱ्यासमोर तिनं ओठ हलवायचे आणि सोपानच्या मागे उभं राहून म्हाळसानं माइकमध्ये गायचं, असं ठरलं. म्हाळसाला त्यात काही कमीपणा वाटला नाही. तालमीनंतर ती घरी जायची तेव्हा दिवस मावळलेला असायचा, एवढीच तिची अडचण होती.

पहिला भाग लागला त्या बाजाराला तिचे आजोबा सोनबा इंदापुरात आले होते. स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्ही होता, तिथे त्यांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी म्हाळसा तालमीला आली आणि एका बाजूला उभी राहिली.

"आबा म्हणतोय, पडद्यावर दुसरीच पोरगी गाती. तू रोज उशिरापातूर जाती कुठं? खोटं बोलत असली तर शाळाबी बंद."

तिची आई ती लहान असतानाच वारली होती, वडील ट्रकवर असायचे. घरात शब्द सोनबांचा. दहावीची परीक्षा चार महिन्यांवर आली होती.

मी वस्तीवर गेलो. सोनबा खाटेवर बसून सुताचा दोर वळत होते. पाय सुजलेले. दोन वर्षांपूर्वी चालणं होईना म्हणून त्यांनी अख्खा कळप डाळजच्या गेणूला देऊन टाकला होता. घरात आता चार शेळ्या होत्या.

"आवाज म्हाळसाचाच आहे, सोनबा," मी म्हणालो.

"तोंड हलतंय त्या पोरीचं, आन् आवाज हिचा. असं कसं गुर्जी?"

"आवाज ओळखला नाहीत का?"

"त्या डब्यातनं समद्या बायका एकच बोलत्यात. खरखर खरखर." त्यांनी दोराला पीळ दिला. "शेवटाला नावं येत्यात म्हणं. वाचणाऱ्याला इचारलं. हिचं नाव न्हाय."

"मी सांगतोय ना."

"तुमी मास्तर. पोरांची बाजू घेणारच."

ते रागावलेले नव्हते. थकलेला माणूस एकदा जे ठरवतो ते पुन्हा उलगडत बसत नाही, तसं त्यांचं होतं. शेवटी त्यांनी एवढंच मान्य केलं की चारही भाग होईपर्यंत थांबतो. तोवर पटलं नाही तर म्हाळसा घरी.

नाव नव्हतं ते माझ्यामुळे. शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांचा मजकूर मीच लिहून दिला होता. शाळेच्या संमेलनाच्या पत्रिकेत मी गाणाऱ्या मुलींची नावं कधी वेगवेगळी छापली नाहीत. एकीचं छापलं की दुसरीचं मन मोडतं. त्याच सवयीनं इथेही लिहिलं: गायन, शाळेतील मुली. गाणारी एकच होती हे हात लिहीत असताना डोक्यात आलंच नाही.

सोपानला म्हणालो, पाटी बदल.

"गुरुजी, त्या पाट्या पुण्याहून एकदाच करून आणल्यात. चारी भागांना त्याच. आता कुठं बदलू? अन् माझी लग्नं सुरू झालीत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दिवसा हळदी, रात्री वराती आणि मधल्या वेळात आमची मालिका.

दुसरा आणि तिसरा भाग झाला. सोनबांनी तेही हॉटेलात बसून पाहिले.

चौथ्या भागाचं गाणं डाळजला, धरणाच्या पाण्याकाठी घ्यायचं होतं. सकाळी निघालो, पण जीप भिगवणला कुणालातरी सोडून आली, जनरेटर सुरू होईना, राजनंदिनीच्या साडीला चिखल लागला. दोन वाजले, चार वाजले. मुलं बाभळीखाली झोपून गेली. म्हाळसा मात्र सोपान कधी हाक मारील म्हणून माइक धरून उभीच होती.

उन्हं उतरली तेव्हा गाणं सुरू झालं. राजनंदिनी पाण्याकडे तोंड करून उभी होती. दुसरं कडवं अर्ध्यात आलं आणि उजवीकडून गेणूची मेंढरं काठावर उतरली. पाणी हटलेल्या जागी तिथे वरून वाळलेला आणि खाली मऊ असा गाळ असतो. पुढची दोन-तीन मेंढरं त्यात शिरली होती. गेणू लांब, बांधावर.

म्हाळसाचं गाणं थांबलं. माइक तोंडाशीच होता. तिनं हाळी दिली. घशातून निघून वर नाकात चढणारी, शेवटी लांब ओढलेली. तिच्या आजोबांचीच असणार. तशी हाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. मेंढरं जागच्या जागी थांबली, सगळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि आमच्याकडे पळत आली. दोन वर्षं गेणूकडे राहूनही ती सोनबांची हाळी विसरली नव्हती. सोपानचा तिपाई-स्टँड धरायला आम्हाला दोघांना धावावं लागलं.

"गेलं," सोपान म्हणाला. "सगळं गेलं."

"परत घेऊ की," म्हाळसा म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"कशावर घेऊ? डिझेल संपलं. उजेड संपला. उद्या मला टेंभुर्णीचं लग्न."

राजनंदिनी चिखलातून बाहेर आली. "गुरुजी, मी हलले नाही. हाळी आली तेव्हा तोंड बंदच ठेवलं, नुसती मेंढरांकडं बघितलं. मला ती जमलीच नसती."

मी सोपानला म्हणालो, "आहे तसं राहू दे. त्यानं तिला आवाजानंच ओळखायचंय."

"हसतील लोक."

"हसू देत."

तो वाद घालायच्या पलीकडे दमला होता. कापायचं तर पुन्हा अर्धा दिवस जाणार होता. त्यानं तसंच ठेवलं.

बाजाराच्या दिवशी मी हॉटेलात सोनबांच्या शेजारी जाऊन बसलो. आत भज्यांचा धूर होता, बाहेर एसटीचे हॉर्न. टीव्हीजवळची चार पोरं सोडली तर कुणाचं लक्ष नव्हतं. दोन चहा आले. पाटलाचा मुलगा पैंजण घेऊन दारोदार फिरला. सोनबांनी बशीतला चहा फुंकला. गाणं सुरू झालं, राजनंदिनीचे ओठ हलू लागले, आणि टीव्ही नेहमीसारखाच खरखरत होता.

मग तिचे ओठ मिटले आणि हाळी आली.

सोनबांच्या हातातली बशी तोंडाशी थांबली. पडद्यावर मेंढरं माना वळवून धावत येत होती. कुणीतरी हसलं. सोनबांनी बशी खाली ठेवली. ते पडद्याकडे बघत नव्हते. खाली मान घालून ऐकत होते. हाळी संपली, भाग संपला, तरी तसेच बसले होते.

पाट्या वर सरकल्या. गायन, शाळेतील मुली. हॉटेलवाल्यानं चॅनेल बदललं.

सोनबा म्हणाले, "हाळीची शेवटाची वढ आखूड पडली."

"सकाळपासून उभी होती. दमली होती."

"दमल्यावरच वढावं लागतं, गुर्जी. मेंढरं तवाच लांब गेल्याली असत्यात." ते काठीवर भार देऊन उठले. एका पायावर उभे राहून दुसरा सरळ करेपर्यंत वेळ गेला. "दाखवतो तिला. कुणी शिकवलीबी न्हवती. ऐकून ऐकूनच घेतली आसंल."

दारापाशी ते थांबले.

"उद्या शाळा हाय न्हवं?"

"आहे."

"येईल ती," ते म्हणाले, आणि काठी टेकत बाजाराच्या गर्दीत मीठ घ्यायला निघून गेले.

माझा चहा गार झाला होता. तो तसाच प्यायलो. मग खिशातली वही काढून पहिल्या पानावर, पैंजणाची गोष्ट जिथून सुरू होते त्याच्या वर, म्हाळसाचं पूर्ण नाव लिहून ठेवलं.