डोंगरवस्तीची फेरी

भूकंपानंतर मदतसंस्थेची दवाखान्याची गाडी दर आठवड्याला डोंगरावरच्या वस्तीत जायची. तिथे रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसं अवघी अकरा. छावणीतल्या रोग्यामागे जेवढा खर्च, त्याच्या नऊपट इथे एकेकामागे. पैशाचं कुठे किती चीज होतंय हे पाहायला तपासनीसबाई आल्या, तेव्हा संस्थेच्या साहेबांनी आधीच सांगून टाकलं, "गाडी बंद करा असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

पण न बघता लिहिणं बाईंच्या जिवावर आलं. त्या गाडीत बसल्या. गाडीवरची नर्स वाटभर त्यांच्या वहीकडे तिरकं बघत होती.

वस्तीत सगळ्यांच्या आधी म्हातारे मास्तर बाही वर करून बसले.

"गाडी आली नाही तर?" बाईंनी विचारलं.

"उतरू की खाली! वर आणायला मात्र चौघं लागतील," मास्तर हसले.

बाई दिवसभर बघत राहिल्या. कोणाची गोळी कुठली, कोणी बुडवली, हे वस्तीतल्या सुईणीला तोंडपाठ होतं. परतताना बाई नर्सला म्हणाल्या, "सुईणीला रक्तदाब मोजायला शिकवलं तर?"

"म्हणजे माझ्या पोटावर पाय!"

"नाही हो. तुम्ही इथे महिन्यातून एकदा यायचं. उरलेल्या फेऱ्या नदीपलीकडे. तिथे चाळीसेक जणांना गोळीच मिळत नाही."

दोन वळणं गेल्यावर नर्स म्हणाली, "सुईणीला वाचता येत नाही."

"मग?"

"रंगीत पुड्या करीन. आकडे ओळखते ती."

बाईंनी तसं लिहिलं; साहेबांनी कुरकुरत सही केली. तीन महिन्यांनी बाईंनी नर्सला फोन लावला. नदीपलीकडे एकेचाळीस जणांना औषध सुरू झालं होतं. डोंगरावर दहा जण ठणठणीत. मास्तरांचा रक्तदाब तेवढा चढलेला.

"सुईणीदेखत गोळी तोंडात घालायचे आणि मागे जाऊन थुंकायचे," नर्स म्हणाली. "का, तर गाडी पुन्हा दर आठवड्याला यावी! बोलायला कोणी नाही, म्हणाले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चांगली खरडपट्टी काढली. आणि दर रविवारी त्यांना फोन करते. माझ्या खर्चाने हं, तुमच्या कागदात धरू नका."

"धरते," बाई म्हणाल्या. "औषधच आहे ते."