चौदाव्या पानावरचे डॉक्टर

मी एक जुनी यादी आहे. पुस्तक म्हणावं इतकी जाड नाही, कागद म्हणावा इतकी पातळ नाही. मधोमध दोन पिना, त्यातली एक गंजलेली. मित्रांनो, विम्याचं कार्ड कुठल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चालतं, हे सांगायला माझा जन्म झाला. निदान छापताना मला तसं वाटलं होतं.

लांबच्या शहरातल्या छापखान्यातून मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, कोल्टन फोर्क गावच्या शाळेच्या बसडेपोत आले. तिथल्या कारकून बाईंनी मला ओपल टॅकेटच्या हातात ठेवलं. ओपल एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवत होती.

"सगळं हिच्यात आहे, मिस ओपल," बाई म्हणाल्या.

एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

मी स्वयंपाकघराच्या खणात राहू लागले. मार्चमध्ये ओपलने मला बाहेर काढलं. तिला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती, आणि पायऱ्या उतरताना पाय चुकत होता. ऑक्टोबरपर्यंत डोळे तपासल्याचा डॉक्टरच्या सहीचा कागद डेपोत दिला नाही, तर तिच्या हातची बस जाणार होती. तिने चौदावं पान उघडलं. त्यावर आमच्या भागातले डॉक्टर होते.

*डॉ. हॅरल्ड कम्ब्स. नवे रुग्ण घेतात.*

तीन वर्षांपूर्वी वारले. फोन त्यांच्या बायकोने उचलला. दोघी बराच वेळ टोमॅटोच्या रोपांविषयी बोलल्या. मग ओपलने पेन्सिलीने नावावर रेघ मारली. सरळ, मधोमध.

*रिजटॉप नेत्र चिकित्सा. बुधवारी सुरू.*

तिथे आता नखं रंगवून मिळतात. रेघ.

*डॉ. ए. स्टंबो. नव्वद मैल.*

कार्ड घेतात. नवे रुग्ण घेत नाहीत. रेघ.

*डॉ. मॅगी फ्युगेट. कोल्टन फोर्क.*

इथे पेन्सिल बराच वेळ थांबली. मॅगीचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, आणि चर्चमध्ये ती ओपलच्या शेजारी उभी राहून गायची. पण जानेवारीपासून तिने हे कार्ड घेणं सोडलं होतं. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर घेवडा आणि मक्याचा पाव खाताना मॅगीनेच विषय काढला, मंगळवारी ये, काही द्यायचं नाही म्हणाली. ओपलने घरी येऊन हे भावाला सांगितलं. डेलबर्ट डेपोतच मेकॅनिक होता.

"मग जा की."

"फुकट? टॅकेटांपैकी कोणी आजवर कुणाच्या दारात फुकट बसलंय?"

"पैसे देऊन जा."

"दोनदा का देऊ? एकोणतीस वर्षं विम्याचे पैसे पगारातून कापून घेतायत. कार्ड चालेल तिथेच जाईन."

"एवढा विश्वास असेल तर त्या कार्डालाच बस चालवायला बसव," डेलबर्ट म्हणाला.

मी टेबलावर उघडी पडले होते. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, जा. पण आमच्या अंगावर छापलेलं असतं तेवढंच आम्हाला बोलता येतं. माझ्या अंगावर लिहिलं होतं की मॅगी कार्ड घेते.

मे महिन्यात ओपलने विमा कंपनीला फोन केला. पाऊण तास वाद्यसंगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली. तिने गोड आवाजात डॉक्टरांची नावं सांगितली. कम्ब्स. रिजटॉप. स्टंबो. ती मलाच वाचत होती.

जून. जुलै. ओपल पुढच्या पानांवर गेली, पुढच्या परगण्यांत गेली.

आणि मग, मित्रांनो, जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते मला कळलं. तिची रेघ घसरू लागली होती. आधी नावाच्या जरा खाली. मग दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत. ऑगस्टमध्ये एका दवाखान्यातली बाई तिला म्हणाली, "मॅडम, तुम्ही कालच फोन केला होता." ओपलने मला खिडकीजवळ नेलं, तिरकं धरलं. कालची रेघ नावाखाली होती. तिला ती दिसली नव्हती.

तिने हे डेलबर्टला सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी बसच्या डाव्या बाजूने रॅटलिफ कुटुंबाची रस्त्याकडेची टपालपेटी उडवली. रोज त्या पेटीला टेकून त्यांची सात वर्षांची मुलगी उभी असायची. त्या दिवशी तिला ताप होता. ओपलने सगळी मुलं शाळेत सोडली, बस डेपोत नेली आणि चावी भावाच्या हातात ठेवली. दुपारी ती मॅगीकडे गेली. कार्ड न दाखवता.

काचबिंदू होता. डावा डोळा बहुतेक गेला होता, उजव्याच्या कडा गेल्या होत्या. उरलेलं टिकवायला थेंब मिळाले. गेलेलं परत येत नाही.

"मार्चमध्ये आली असतीस तर," असं म्हणून मॅगी थांबली. दोन गल्ल्यांवर राहून आपण तिला हाताला धरून का आणलं नाही, म्हणून ती रडली. हे ओपलनेच त्या संध्याकाळी डेलबर्टला सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

आता साडेसहाला पिवळी बस घरावरून जाते. ओपल खिडकीशी येते. बस दिसावी म्हणून तिला अख्खी मान वळवावी लागते, आणि मान वळेपर्यंत बस गेलेली असते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी कचेरीत बसाल, आणि कधीतरी माझ्यासारखी यादी कुणाच्या हातात ठेवाल. ठेवण्याआधी तिच्यातला प्रत्येक फोन स्वतः लावून पाहा. पलीकडे कोणी नसेल तर ते नाव खोडा. सगळी खोडावी लागली तर सगळी खोडा. कोरी यादी मिळाली असती, तर कार्ड कुठेच चालत नाही हे तेव्हाच कळलं असतं, आणि ओपल मार्चमध्येच मॅगीचं दार ठोठावून आली असती.