पुठ्ठ्याचा पेटारा

नाटकमंडळीतल्या सुतारमामाची कंबर नटांपेक्षा जास्त बोलायची. शिडीवरून पडला त्याला वर्षं लोटली, हाड कधीच सांधलं, एक्स-रेचे फोटोही स्वच्छ आले. तरी जड वस्तूपुढे वाकला की कळ! डॉक्टर म्हणाले, "मनाचे खेळ आहेत." म्हणजे माणूस खोटारडा आहे, हे सांगायची सभ्य रीत. कळ दुसऱ्याची असली की जिभेला हाड नसतं.

आता दिग्दर्शिकाबाईंनीही सुनावलं होतं, "पहिल्या प्रयोगाला अंधारात पेटारा आणून ठेवायचाय. जमत नसेल तर दुसरा माणूस बघते." रंगमंच सुटला तर मामाने जायचं कुठे?

पेटारे दोन होते. सागवानी पेटाऱ्यावर नायक उभा राहायचा, पुठ्ठ्याचा डोक्यावर घेऊन नायिका नाचायची. दोन्ही मामानेच रंगवलेले. तोच गंज, तीच कडी. आपलीच कला अंगाशी आली. तालमीत खरा समजून त्याने पुठ्ठ्याचा धरला, दात आवळले आणि उचलायच्या आतच "आई गं!" कमरेत वीज!

नायकाने तोच पेटारा करंगळीवर उचलून दाखवला. "मामा, अभिनय आमच्याकडे सोड, तू खिळे ठोक!" हशा पिकला.

मामा खाली मान घालून घरी आला. व्यायामोपचार करणारी भाची ते ऐकून उडालीच. "मामा, हे तर सोनं आहे!"

"माझी अब्रू गेली आणि तुला सोनं दिसतंय?"

"कळ खरी होती ना?"

"शंभर टक्के!"

"आणि पेटारा पोकळ! मग कळ कुठून आली? पडल्यापासून तुझा मेंदू धसका घेऊन बसलाय. ओझं दिसलं की आधीच भोंगा वाजवतो. भोंगा खरा, आग विझलेली. पण धसका शिकलेल्या मेंदूला नवं शिकवता येतं, मामा!"

"म्हणजे मी खोटारडा नाही?"

"खोटारडा नाहीस. आणि मोडलेलाही नाहीस."

मामाने चहा तसाच टाकला. "चल!"

मंडळीच्या सुतारकामाच्या कारखान्यात जाऊन त्याने पुठ्ठ्याचा पेटारा पुढ्यात घेतला. माहीत असूनही कळ आलीच. "अरे गाढवा, पुठ्ठा आहे तो!" मामा स्वतःच्याच मेंदूवर खेकसला. भाची हसून हसून खाली बसली. मग रोज पेटाऱ्यात वाळूची एकेक पिशवी वाढली. काही दिवस असे वाईट गेले की त्याने पेटाऱ्याला लाथ घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकला.

पहिला प्रयोग. अंधार झाला. बाई कुजबुजल्या, "मामा, दुसरा माणूस तयार आहे."

"असू दे उभा!"

मामा सागवानी पेटाऱ्यावर वाकला. कळ उठली. घरच्याच माणसावर म्हातारं कुत्रं गुरगुरावं, तशी. "गप बैस, मीच आहे," तो म्हणाला आणि पेटारा उचलून बरोबर खुणेवर ठेवला. उजेड आला, नायक त्यावर चढला.

विंगेत भाचीचे खांदे गदगदा हलवत मामा ओरडला, "भुंकली गं, पण चावली नाही!"

पहिल्या रांगेने वळून पाहिलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.